फत्ते कुणाची?

हैदराबादच्या बशीरबागेतल्या लालबहादूर शास्त्री स्टेडियमला जुने हैदराबादी अजूनही फतेह मैदानच म्हणतात. शास्त्रीजींचे नाव त्याला १९६७ साली मिळाले. क्रिकेटवेड्यांना हे मैदान ठाऊक आहे ते पॉली उम्रीगरमुळे. सोलापुरात जन्मलेल्या या फलंदाजाने नोव्हेंबर १९५५मध्ये इथे न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा काढल्या. कसोटीत भारतीय खेळाडूने ठोकलेले ते पहिलेच द्विशतक.

मैदानाच्या नावातली फत्ते मात्र औरंगजेबाची. १६८७ साली गोवळकोंड्याला वेढा पडला तेव्हा मुघल फौजेचा तळ या माळावर होता, असे शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आठ महिने किल्ला हाती लागेना. शेवटी सप्टेंबरात अब्दुल्ला खान पन्नी या आतल्याच सरदाराने फितूर होऊन रात्री दरवाजा उघडला. सुलतानाचा एकनिष्ठ सरदार अब्दुल रज्जाक लारी जखमांनी चाळण होईपर्यंत झुंजला, पण राज्य बुडाले. म्हणजे जिच्या नावाने मैदान ओळखले गेले, ती फत्ते मुळात फितुरीची. लारीच्या नावाने मैदान असते तर ते जास्त शोभले असते.

हरलेला गोवळकोंड्याचा सुलतान अबुल हसन तानाशाह आपल्याला परका नाही. १६७७मध्ये याच सुलतानाने भागानगरात, म्हणजे हैदराबादेत, शिवाजी महाराजांचे थाटात स्वागत केले आणि कर्नाटकच्या मोहिमेसाठी पैसा व तोफखाना दिला. ही मैत्री जुळवणारे तानाशाहाचे दिवाण मादण्णा आणि त्यांचे बंधू आक्कण्णा १६८६मध्ये मारले गेले. पुढच्याच वर्षी राज्य गेले. तानाशाहाला कैद करून दौलताबादच्या किल्ल्यात ठेवले आणि मरेपर्यंत तो तिथेच राहिला. त्याची कबर खुलताबादेत आहे. वेरूळला जाणाऱ्या आपल्या सहली तिथून थोड्याच अंतरावरून जातात, पण क्वचितच कुणी थांबते.

नाव पुसले म्हणून इतिहास पुसला जात नाही. तो फक्त मुलांना सांगायचा राहून जातो. फतेह मैदान हे नाव लोकांच्या तोंडी आहे, ते राहू द्यावे. पण स्टेडियमच्या दारावर तेलुगू आणि उर्दूत एक फलक हवाच. त्यावर वेढा, फितुरी आणि लारी, तिन्ही यावेत. आणि असाच एक मराठी फलक दौलताबादेत तानाशाहाच्या कैदेच्या जागी लावायला महाराष्ट्राने हैदराबादची वाट पाहू नये.