तबकडीवरचे नाव आणि आतले यंत्र

ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज मोटारी ग्राहकांच्या हाती सोपवण्यात आल्या आणि मराठवाड्याच्या या शहराची देशभर चर्चा झाली. सुमारे ६५ कोटी रुपयांच्या त्या एकत्रित खरेदीने एक गोष्ट स्पष्ट केली. ऐषारामी वस्तूंची हौस ही मुंबई-पुण्याची मक्तेदारी उरलेली नाही. आता १ ऑक्टोबर २०२५ पासून स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांच्या ‘एफ्टा’ गटाशी झालेला व्यापार करार अमलात आला असून, स्विस घड्याळांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. तरीही लाखो रुपयांचे घड्याळ मध्यमवर्गीय नोकरदाराच्या आवाक्यात येणार नाही. हौस आणि ऐपत यांमधील ही दरी देशातील अन्य शहरांप्रमाणे छत्रपती संभाजीनगरातही ‘फर्स्ट कॉपी’ या गोंडस नावाने भरून काढली जाते.

मशीनची भाषा

एकेकाळी नकली घड्याळ ओळखणे सोपे होते. तबकडीवर रोलेक्सचे नाव आणि आत सेलवर चालणारे स्वस्त यंत्र, त्यामुळे सेकंदकाटा दर सेकंदाला एकेक उडी मारीत चाले. आज हा बाजार पुष्कळ पुढे गेला आहे. ग्राहक आता ‘आत मशीन कोणते?’ असे विचारतो आणि विक्रेता त्याला तीन-चार पर्याय सांगतो.

पहिला पर्याय जपानी यंत्राचा. सिटिझन समूहाचे मियोटा ८२१५ किंवा सेइकोचे एनएच ३५ ही स्वयंचलित यंत्रे दणकट, स्वस्त आणि दुरुस्तीस सोपी आहेत. त्यांचे ठोके तासाला २१,६०० पडतात, म्हणजे सेकंदकाटा सेकंदाला सहा पावले टाकतो. स्विस ईटीए २८२४ चे ठोके मात्र तासाला २८,८००, म्हणजे सेकंदाला आठ. त्यामुळे जाणकाराच्या नजरेला काट्याच्या चालीतला फरक कळतो. ही उणीव भरून काढण्यासाठी ईटीएच्या रचनेवर बेतलेली चिनी यंत्रे किंवा मियोटाचे अधिक पातळ ९०१५ वापरले जाते. सर्वांत वरची पायरी म्हणजे रोलेक्सच्या स्वतःच्या ३१३५ सारख्या यंत्राची हुबेहूब नक्कल.

या निवडीतील विसंगती येथेच उघडी पडते. केवळ अचूक वेळ हवी असेल, तर पहिला पर्यायच पुरेसा आहे. ते यंत्र बिघडले तर सुटे भाग मिळतात, नाही तर संपूर्ण यंत्रच बदलता येते. उलट नक्कल जितकी हुबेहूब, तितकी तिची दुरुस्ती कठीण. अधिकृत सेवा केंद्र नकली घड्याळाला हात लावत नाही आणि गल्लीतल्या कारागिराकडे त्याचे भाग नसतात. शिवाय रोलेक्सच्या बहुतेक घड्याळांची पाठ बंद असते. म्हणजे ज्या हुबेहूब यंत्रासाठी अधिक पैसे मोजले, ते कोणाला दिसतही नाही. ही निवड वेळेसाठी नसून सोंग न उघडे पडावे यासाठी असते.

कायद्याची रेघ

यंत्राची नक्कल आणि नावाची नक्कल या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकस्वाची मुदत संपल्यावर तांत्रिक रचना सर्वांना खुली होते. ईटीए २८२४ ची मूळ रचना अनेक दशकांपूर्वीची असल्याने तिच्या धर्तीवरील यंत्रे अन्य कंपन्या उघडपणे तयार करतात आणि स्वतःच्या नावाने विकतात. त्यात बेकायदा काही नाही. गुन्हा घडतो तो तबकडीवर दुसऱ्याचे नाव उमटवले जाते तेव्हा. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यातील कलम १०३ आणि १०४ अन्वये खोटे चिन्ह लावणाऱ्यास व असा माल विकणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. ही कलमे विक्रेत्याला लक्ष्य करतात. ग्राहक त्यांच्या कक्षेबाहेर राहतो आणि त्यामुळे स्वतःला निर्दोष समजतो. मात्र मागणी त्याचीच असते.

शहराचा धडा

खरे तर नक्कल आणि फसवणूक यांतील भेद या शहराइतका कोणाला ठाऊक असावा? येथील हिमरू हे मुळात महागड्या किनखाबाला पर्याय म्हणून रेशीम आणि सुताच्या मिश्रणातून विणलेले कापड. ‘सारखे’ या अर्थाच्या फारसी शब्दावरून त्याचे नाव पडल्याचे सांगितले जाते. मात्र ते किनखाब म्हणून विकले गेले नाही. ‘हिमरू’ या नावानेच त्याने कीर्ती मिळवली. ‘दख्खनचा ताज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बीबी का मकबऱ्यातही संगमरवराच्या जोडीला काळा दगड आणि चुन्याचा गिलावा आला. तरीही त्याच्या दरवाजावर अताउल्ला आणि हंसपतराय या घडवणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. ताजची छाया स्वीकारूनही त्यांनी आपले नाव लपवले नाही.

आज हेच शहर दुसऱ्या बाजूनेही या प्रश्नाचा अनुभव घेत आहे. जवळच्या पैठणच्या नावाने यंत्रमागावरील साड्या ‘पैठणी’ म्हणून खपवल्या जातात आणि हातमागाच्या विणकराची मजुरी त्यात बुडते. भौगोलिक मानांकन मिळूनही हा प्रकार थांबलेला नाही. १९८५ पासून बजाज ऑटोचा कारखाना असलेल्या वाळूजच्या परिसरात वाहनांचे अचूक सुटे भाग घडवणारे उद्योग उभे राहिले. त्यांच्या व्यवसायालाही नकली सुट्या भागांचा फटका बसतो. मनगटावर खोट्या नावाचे घड्याळ मिरवणाऱ्याने पैठणीच्या नकलेबद्दल हळहळ व्यक्त करावी, हे न पटणारे आहे.

चांगल्या यंत्राची आवड असणे मुळीच गैर नाही. १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्याने घड्याळनिर्मितीत उतरलेल्या एचएमटीने कित्येक पिढ्यांना चावीच्या घड्याळाची गोडी लावली, ती कोणत्याही परक्या नावाच्या आधाराविना. ‘फर्स्ट कॉपी’त बसवली जाणारी मियोटा किंवा सेइकोची यंत्रे आजही स्वतःच्या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक घड्याळांत मिळतात. ठोके तेच, अचूकता तीच, शिवाय पावती आणि हमीही हाती येते. यंत्र निवडायचे असेल तर जरूर निवडावे. फक्त तबकडीवर त्या घड्याळाचे खरे नाव असावे, एवढीच अट ग्राहकाने स्वतःला घालून घ्यावी. विक्रेत्यावरील छाप्यांनी जे साधत नाही, ते या एका अटीने साधेल.