घरचा कारभार : माशांची पेटी गळू लागली तर



पूर्वी मासे पाहायचे म्हणजे कयाधू-पैनगंगेच्या डोहात, नाहीतर मुंबईच्या पाहुण्याने हौसेने दाखवले तर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात. आता हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरातही टीव्हीशेजारी काचेची पेटी दिसते. पोरांची हौस असते. पण एक दिवस पेटीखालचा टेबल ओला दिसतो, पाणी बोटभर उतरलेले असते आणि घरात धांदल उडते. कोणी म्हणते डांबर लावा, कोणी म्हणते फेकून द्या. गोठ्यातल्या जनावराइतकीच या मुक्या जिवांचीही जबाबदारी आपल्यावर असते. म्हणून गळती लागली की काय करावे, ते क्रमाने सांगतो.

आधी विजेचे बटण बंद करावे. ओली जमीन आणि लोंबणारी वायर यांचा मेळ माणसालाच घातक ठरतो. मग हा खरोखरच सांध्याचा दोष आहे का, ते पाहावे. उन्हाळ्यात पाणी हवेतच बरेच उडून जाते. पेटीला ओल नाही आणि पाणी मात्र उतरते, तर ती गळती नव्हे. दुसरे कारण आपल्याकडे फार आढळते. हवेचा छोटा पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला असतो. वीज गेली की नळीतून पाणी उलटे ओढले जाते आणि पंपावाटे खाली सांडत राहते. रॉकेल नळीने ओढून काढायचो, तोच प्रकार. असे असेल तर पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगावा किंवा नळीत एकेरी झडप बसवावी. दहा-वीस रुपयांत काम भागते.

सांधाच गळत असेल तर प्रथम मासे हलवावेत. येथे शेतकऱ्याच्या घरी एक मोठा धोका असतो. माशांसाठी फवारणीची बादली, औषध कालवायचा डबा किंवा साबणाची बादली कधीही घेऊ नये, कितीही धुतलेली असली तरी नाही. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशके अगदी थोड्या प्रमाणातही माशांना मारक असतात. पिण्याच्या पाण्याची स्वच्छ बादली किंवा टब घ्यावा. त्यात पेटीतलेच पाणी भरावे, मासे सोडावेत आणि वरून जाळीदार फडके बांधावे, कारण घाबरलेला मासा उडी मारतो. पेटीतला स्पंज धुऊ नये. पाणी निर्मळ ठेवणारे उपयोगी जंतू त्यातच राहतात. तो तसाच बादलीत ठेवावा, हवेची नळी सोडावी आणि एक-दोन दिवस खाणे देऊ नये. माशांना त्याने काही होत नाही, पाणी मात्र खराब होत नाही.

आता गळतीची जागा शोधू. पेटी बाहेरून कोरडी पुसावी, खाली वर्तमानपत्र पसरावे आणि सांध्यांवर खडूची कोरडी पूड लावावी. जिथे पूड भिजेल तिथून पाणी बाहेर येते. परंतु पाणी आत शिरते ती जागा थोडी दूरही असू शकते, कारण ते सांध्यातून वाट काढत सरकते. आणखी एक सोपी परीक्षा अशी. गळती हळू असेल तर पाणी उतरू द्यावे आणि काचेवर खुणा कराव्यात. पाणी ज्या पातळीला थांबेल, भोक त्याच पातळीला आहे असे समजावे. उतरत उतरत तळापर्यंत गेले तर दोष तळच्या सांध्यात आहे.

पाण्याचा जोर किती असतो, ते समजले म्हणजे पुढचे काम का करायचे ते समजेल. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते, म्हणजे अर्ध्या क्विंटलहून अधिक वजन. तिच्या समोरच्या काचेवर सुमारे २८ किलोचा रेटा असतो. उंची दीड फूट केली तर तोच रेटा ६३ किलोच्या घरात जातो. खोली दीडपट झाली आणि जोर सव्वादोनपट झाला! सिद्धेश्वर धरणाची भिंत तळाशी रुंद आणि वर निमुळती असते, ती याच कारणाने. म्हणून बाहेरून लावलेला लेप टिकत नाही. आतले पाणी त्याला रोज बाहेर ढकलत असते. डांबर, सिमेंट, लांबी, फेव्हिकॉल यांपैकी काहीही लावू नये. दुरुस्ती आतूनच करावी.

बर्लिन शहरात एका हॉटेलात सुमारे दहा लाख लिटर पाण्याचे मत्स्यालय होते. ते १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे फुटले आणि सुमारे दीड हजार माशांपैकी बहुतेक मेले. तपासानंतरही नेमके कारण ठामपणे सांगता आले नाही, पण सांध्याचा चिकटा सुटला असावा ही तज्ज्ञांनी मांडलेल्या शक्यतांपैकी एक होती. एवढ्या मोठ्या कामात सांध्याची शंका येते, तर आपण घाई कशाला करावी?

पेटीची काच सिलिकॉनने जोडलेली असते. ते दोन ठिकाणी असते : दोन काचांच्या मध्ये, आणि आतल्या कोपऱ्यात गोट लावल्यासारखे. काचा हलत असतील, मधल्या थरात लांब बुडबुडे दिसत असतील किंवा काचेलाच तडा गेला असेल, तर घरी खटपट करू नये. तालुक्याच्या काचवाल्याकडून पेटी सुटी करून पुन्हा जोडून घ्यावी. केवळ आतला गोट फाटला किंवा सुटला असेल तर काम घरी होते.

पेटी रिकामी करून कोरडी करावी. नव्या ब्लेडने आतला जुना गोट सर्व कोपऱ्यांतून खरवडून काढावा. गळतो तेवढाच तुकडा काढून भागत नाही. वाळलेल्या जुन्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन नीट धरत नाही आणि त्याच जोडावर पुन्हा पाणी झिरपते. मात्र काचांच्या मधल्या थरात ब्लेड घालू नये. मग स्वच्छ फडक्याला स्पिरिट लावून काच पुसावी आणि त्यानंतर तिथे बोट लावू नये. बोटाचे तेलही पुरेसे नडते. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावली तर रेघ सरळ येते.

सिलिकॉन साधे, पारदर्शक, व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे घ्यावे. न्हाणीघरासाठीचे बुरशीरोधक सिलिकॉन घेऊ नये. त्यातले औषध माशांना बाधते. नळीतून एकसंध धार सोडावी, मध्ये थांबू नये. पाच-दहा मिनिटांत वर साय धरते. त्याआधीच ओल्या बोटाने एकदाच फिरवून पट्टी काढून घ्यावी. खोलीची दारे-खिडक्या उघड्या असाव्यात.

खरी कसोटी यापुढे लागते. सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊन बाहेरून आत घट्ट होत जाते, दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर. वरून हाताला कोरडे लागले तरी आत ओलेच असते. चैत्र-वैशाखाच्या कोरड्या हवेत आणखी वेळ लागतो. तेव्हा उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असे करू नये. पूर्ण आठवडा पेटी तशीच ठेवावी. तोवर मासे बादलीत राहतील. रोज चौथाई पाणी बदलावे, आणि नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास असेल तर ते एक दिवस उघडे ठेवून मग घालावे. आठवड्यानंतर पेटी अंगणात ठेवून पहिल्या दिवशी एक तृतीयांश, दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश, तिसऱ्या दिवशी पूर्ण भरावी. खालचा कागद कोरडा राहिला तर पेटी पक्की झाली. हे पाणी झाडांना घालावे आणि पेटीत नवे पाणी भरावे.

पुन्हा बसवताना टेबल सपाट आहे ना, ते गवंड्याच्या पाण्याच्या नळीने पाहावे आणि खाली थर्माकोलचा पत्रा घालावा. एक कोपरा उंच राहिला तर सांध्यावर पिळा पडतो. भरलेली पेटी कधीही हलवू नये. शेवाळ खरवडताना ब्लेड कोपऱ्याला लागू देऊ नये. वर्षानुवर्षे माळ्यावर कोरडी पडलेली पेटी आधी अंगणात भरून पाहावी.

पेटी दुरुस्त होण्यापलीकडे गेली तर मासे विहिरीत, ओढ्यात किंवा कयाधूत सोडू नयेत. परदेशी जातीचे मासे आपल्या पाण्यातल्या माशांना जड जातात. माशांची हौस असलेल्या दुसऱ्या घरी ते द्यावेत. गप्पी असतील तर अंगणातल्या जुन्या सिमेंटच्या हौदात ठेवावेत. ते डासांच्या अळ्या खातात. डासांसाठी आरोग्य खातेही हेच मासे वापरते. मात्र त्या हौदात औषधाचा पंप कधी धुऊ नये, हे घरातल्या सर्वांना आणि सालगड्यालाही सांगून ठेवावे.