ज्या पाण्यातला जीव, त्याच पाण्यात



गेल्या महिन्यात दोघीतिघींनी विचारलं, "काकू, मुलं फिशटँकसाठी हट्ट धरून बसलीत, घ्यावा का?" माझं उत्तर 'नको' असंच आहे. पण आमच्याच घरात तो दोन वर्षं होता. तेव्हा आधी आमचं काय चुकलं ते सांगते, मग नको म्हणते.

नातवाच्या आठव्या वाढदिवसाला मुलाने ६० लिटरची काचेची टाकी आणली. गप्पी, चार मॉली, थोड्या पाणवनस्पती. मी कुरकुरले, पण नातवापुढे आजीचं कुठे चालतं! पुढे एका रविवारी बापलेक आणखी एक मासा घेऊन आले. अंगठ्याएवढा, पिवळसर हिरवा, पाठीवर काळे ठिपके, पोट पांढरंशुभ्र, आणि डोळे असे गोल की समोरच्याला काहीतरी विचारतोय. हिरव्या ठिपक्यांचा पफर. दुकानदार म्हणाला, साध्या पाण्यात राहतो, काही त्रास नाही.

महिन्याभरात गप्पींच्या शेपट्या कुरतडलेल्या दिसू लागल्या. तीन-चार महिन्यांनी पफरचं पांढरं पोट करडं पडलं, खाणं सुटलं, फिल्टरमागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसायला लागला. सूनबाईने रात्री बसून वाचून काढलं तेव्हा कळलं, हा गोड्या पाण्यातला मासाच नव्हे. हा खाडीचा, नदी समुद्राला मिळते तिथल्या मचूळ पाण्याचा. पिल्लू असताना साधं पाणी सोसतो, म्हणून दुकानात तगतो. वाढेल तसं त्याला जास्त खारं पाणी लागतं.

तुम्ही म्हणाल, पाणी ते पाणी. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, आणि मनुका साध्या पाण्यात टाकल्या की टम्म फुगतात, हे आपण रोज बघतो. माशाचं तसंच आहे. साध्या पाण्यापेक्षा त्याचं रक्त खारट, म्हणून कल्ल्यांतून पाणी सतत आत शिरतं. ते बाहेर टाकायचं आणि अंगातलं मीठ धरून ठेवायचं, हे काम रात्रंदिवस चालतं. नदीचे मासे जन्मभर ते सहज करतात. खाडीचा मासा भरती-ओहोटीपुरतं करू शकतो, कायमचं नाही. तो लगेच मरत नाही, हीच सगळ्यात मोठी फसवणूक. महिनोन्महिने झिजतो आणि आपण म्हणतो, किती शांत झालाय बघा.

मी काय केलं? डब्यातलं मूठभर मीठ टाकीत घातलं. हा शुद्ध अडाणीपणा. आपलं मीठ म्हणजे नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि बरंच काही असतं. त्यासाठी वेगळं सागरी मीठ मिळतं आणि पाण्याची घनता मोजायला हायड्रोमीटर लागतो. मग माझं बी.कॉम. कामाला आलं. समुद्रात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार. आम्हाला १० पर्यंत न्यायचं होतं, म्हणजे ६० लिटरला ६०० ग्रॅम, तेही कित्येक आठवड्यांत थोडं थोडं, कारण एकदम घातलं तर फिल्टरमधले पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू मरतात. दर आठवड्याला १५ लिटर पाणी बदललं की १५० ग्रॅम मीठ. पण उन्हाळ्यात पाणी आटलं तर भर घालायची साध्या पाण्याची, कारण मीठ उडून जात नाही. कढी आटली की खारट होते, तसंच. पाणवनस्पती मेल्या. गप्पी आणि मॉलींना दुसरी टाकी आणावी लागली. एकाच्या दोन झाल्या. परिग्रह असाच वाढतो.

पोट पुन्हा पांढरं झालं. आणि तेव्हा खरा पेच पडला. पफरचे दात म्हणजे चोच, ती जन्मभर वाढते. कवचाच्या गोगलगायी फोडून झिजते, नाही झिजली तर तोंड मिटत नाही, उपाशी मरतो. आमच्या घरात कंदमूळ येत नाही, आणि मी गोगलगायी आणू? मुलगा म्हणाला, "मम्मी, मी घालतो, तू बघू नकोस." न बघितल्याने खात्यातून वजा होतं का? आपण करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केलेल्याला मान डोलावणं, तिन्ही नोंदी एकाच खात्यावर पडतात. बरं, न घालावं तर अन्नपाणी अडवणं हासुद्धा अहिंसाव्रताचा अतिचारच. काचेत कोंडलं तेव्हा बंध झालाच होता.

एका मैत्रिणीने मार्ग सुचवला, पर्युषणात कृष्णेत सोडून दे, अभयदान होईल. हे मला मुळीच पटत नाही. कृष्णेचं पाणी गोडं, म्हणजे पुन्हा तेच झिजणं. आणि आपली कृष्णा कोकणात उतरत नाही. अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणं ओलांडत बंगालच्या उपसागराला मिळते. तो बिचारा समुद्र कधी गाठणार? पुण्यासाठी मासे-पक्षी विकत घेऊन सोडणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. आपण पैसे मोजले की दुसऱ्या दिवशी तेवढेच पुन्हा पकडले जातात.

सासूबाईंची आठवण तेव्हा आली. माहेरी त्यांच्या दोन विहिरी होत्या, एक गोडी, एक मचूळ. पाणी गाळलं की गाळण्यातली जिवाणी ज्या विहिरीची त्याच विहिरीत, हळूच, पाण्यापर्यंत नेऊन सोडायची. चुकून मचूळ विहिरीची गोड्या विहिरीत टाकलीत तर म्हणायच्या, गाळून काय उपयोग, मारलेच की. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांचं पाणी बदलू नये हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांच्याच घरात मी दिसणाऱ्या जिवाला चार महिने चुकीच्या पाण्यात बघत बसले होते.

आणखी एक बोलते, राग येऊ द्या. वास्तूसाठी टाकी ठेवायची आणि मासा मेला की "घरावरचं संकट त्याने घेतलं" म्हणायचं, हे आपल्यात कुठून आलं? बहुतेक वेळा तो पाण्याने मेलेला असतो.

ज्यांच्याकडे टाकी आहे त्यांनी घाबरून नदी गाठू नका. आहेत ते मासे जगतील तोवर नीट सांभाळा, नवे आणू नका. आपल्याकडचा कुठला मासा कुठल्या पाण्याचा, तेवढं आज शोधून काढा. स्कॅट, मोनो, आर्चर, पट्ट्यापट्ट्यांचे बंबलबी गोबी हेही खाडीचेच, आणि साध्या पाण्यात सर्रास विकले जातात. मॉलीला दोन्ही चालतं. बाजारातले बहुतेक पफर तर पाण्यातून पकडूनच आणलेले असतात.

आमचा पफर शेवटी खाऱ्या टाकीची सवय असलेल्या एका गृहस्थांकडे गेला. तिथे त्याला गोगलगायी मिळतात, आणि माझ्या खात्यावरची ती नोंद तशीच आहे. गप्पी-मॉलीही त्यांनीच नेले. नातू दोन दिवस बोलला नाही. दोन्ही टाक्या आता माळ्यावर आहेत. कुणाला कोथिंबीर लावायला हव्या असतील तर कळवा, माशांसाठी देणार नाही.