खासदारांचं प्रगतिपुस्तक कसं वाचायचं?



वर्ष संपलं की खासदारांचा कार्य अहवाल घरोघरी येतो. गुळगुळीत कागद, मोठ्ठा फोटो आणि ठळक आकडे : लोकसभेत इतके प्रश्न, इतकी भाषणं. आपण आकडा बघून 'वा!' म्हणतो, नाहीतर नाक मुरडतो. माझं म्हणणं एवढंच, की नुसत्या आकड्यावर गुण देऊ नका. मुलाने वहीची किती पानं भरली, यावर आपण गुण देतो का?

त्या आकड्यात काय काय मिसळलेलं असतं बघा. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, त्यावर पूरक प्रश्न विचारून त्यांना अडवता येतं. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर. लोकसभेत दिवसाला तारांकित २० आणि अतारांकित २३० प्रश्न घेतात. सूचना त्याहून कितीतरी जास्त येतात, म्हणून सोडत काढतात. म्हणजे नशीबही आलंच! शिवाय एका अतारांकित प्रश्नावर अनेक खासदारांची नावं असू शकतात आणि तो प्रत्येकाच्या खात्यात जमा होतो. (गटकार्याचे गुण आपण असेच वाटतो, नाही का?) उलट मंत्री झालेला खासदार प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो. त्याच्या नावापुढचं शून्य म्हणजे आळस नव्हे.

आणि एकच विषय नेटाने धरला तर? १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या पैशांबद्दल लोकसभेत प्रश्न आले. फिरोज गांधींनी तो विषय लावून धरला. ते सत्ताधारी पक्षाचे होते, पंतप्रधानांचे जावई होते, तरी थांबले नाहीत. चौकशी झाली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. हे कुठल्या आकड्यात मावणार?

आठवी-नववीच्या वर्गात एक तास याला द्या. लोकसभेच्या संकेतस्थळावर खासदाराच्या नावाने प्रश्न आणि उत्तरं शोधता येतात. आपल्याच खासदारांचे एका वर्षाचे प्रश्न काढा. आपल्या भागातलं पाणी, एसटी, कांदा, शाळा त्यात कुठे दिसते का, ते मुलांनाच शोधू द्या. भाषा जड आहे, पहिल्यांदा कंटाळतील, हरकत नाही. आणि 'माहिती गोळा करून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल' असं उत्तर दिसलं, तर त्याखाली लाल रेघ मारायला सांगा. हे मंत्र्यांचं आश्वासन धरलं जातं, ते ३ महिन्यांत पुरं व्हायला हवं. ते झालं का, आणि नसेल तर आपल्या खासदारांनी पुन्हा विचारलं का, हा मुलांचा पुढच्या आठवड्याचा गृहपाठ.