हेडफोन बिघडला, की कान?

दिल्लीतल्या करोल बागेत सोने गाळण्याच्या धंद्यानिमित्त गेलेली सांगली-साताऱ्याकडची मराठी कुटुंबे आहेत. विजेच्या वस्तूंनी भरलेले गफ्फार मार्केटही तिथेच. त्यामुळे संगणकावर खेळणाऱ्या मुलाने ‘आवाज नीट येत नाही’ म्हणून भुणभुण लावली, की वडील संध्याकाळी नवा हेडफोन घेऊनच घरी येतात. पुष्कळदा मात्र दोष हेडफोनचा नसतोच!

आधी तोच हेडफोन दुसऱ्या यंत्राला लावून पाहावा. तिथेही एक बाजू मुकी असेल, तर बहुधा पिनेजवळ तार तुटलेली असते. तिथे तो नीट वाजला, तर बिघाड संगणकाकडे शोधावा.

खेळातले संगीत ऐकू येते, पण पात्रांचे बोलणे गायब? मग पिन अर्धवट बसली आहे का, ते पाहावे. दोन्ही कानांच्या तारांची परतीची वाट एकच असते. ती तुटली, की दोन्हीकडे सारखाच असणारा आवाज, म्हणजे बहुधा बोलणे, आपसातच नाहीसा होतो. पिन नीट आत दाबली, की पात्रे पुन्हा बोलू लागतात.

मित्राशी बोलताना खेळाचा आवाज आपोआप दबत असेल, तर विंडोजच्या साउंड सेटिंगमधील ‘कम्युनिकेशन्स’मध्ये ‘डू नथिंग’ निवडावे. ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू होताच आवाज टेलिफोनसारखा होत असेल, तर माइक वेगळा घ्यावा किंवा तारेचा हेडफोन वापरावा.

ही तपासणी केवळ पैसे वाचवण्यासाठी नव्हे. आवाज नीट येईना, की मुले तो वाढवतात आणि दोष दूर झाल्यावरही तो तसाच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्यांनी 80 डेसिबलचा आवाज आठवड्यात 40 तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी ही मर्यादा 75 डेसिबल आहे. दर 3 डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. म्हणजे 90 डेसिबलला मोठ्यांसाठीही आठवड्यात जेमतेम 4 तास!

खेळून उठल्यावर कानात गुणगुण होते का, हे मुलाला जरूर विचारावे. ती राहिली, किंवा त्याला हाक दोनदा मारावी लागू लागली, तर बाजार नव्हे, कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठावेत. हेडफोन पुन्हा मिळतो. गेलेली श्रवणशक्ती सहसा परत येत नाही.