गाव तंटामुक्त, पुढारी तंटायुक्त!

मराठवाड्यातल्या कितीतरी गावांच्या वेशीवर एक पत्र्याची पाटी उभी असते. तिच्यावर लिहिलेले असते 'तंटामुक्त गाव'. पत्र्याला गंज चढला आहे, अक्षरे पुसट झाली आहेत आणि उरलेली अक्षरे कुणा 'भावी आमदारा'च्या वाढदिवसाच्या फ्लेक्सने झाकली आहेत. महाराष्ट्राच्या आजच्या राजकारणाचे याहून बोलके चित्र आम्हाला तरी सुचत नाही.

१५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांचा तो पुढाकार होता. बांधाचा, पाटाच्या पाण्याचा, भाऊबंदकीचा वाद ठाण्यात आणि कोर्टात जाऊन दोन पिढ्यांची कमाई गिळण्याआधी गावातच मिटवावा, इतकी साधी कल्पना. ग्रामसभेने समिती नेमायची, समितीने दोघांना समोरासमोर बसवायचे आणि जे ठरेल ते लिहून सह्या घ्यायच्या. मोहिमेत खोट होतीच. बक्षिसाच्या लोभाने काही ठिकाणी तंटे मिटण्याऐवजी दडपले गेले. तरीही भांडणाऱ्या दोघांना एका सतरंजीवर आणून बसवणे हे राज्यकर्त्याचे काम आहे, एवढी जाण त्या मोहिमेमागे होती. आजच्या राज्यकर्त्यांना ती सतरंजीच नको आहे. त्यांना हवी आहेत दोन वेगळी मैदाने, दोन व्यासपीठे आणि दोन ध्वनिक्षेपक!

१ सप्टेंबर २०२३ रोजी अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठी चालली. ३० ऑक्टोबरला माजलगाव आणि बीडमध्ये लोकप्रतिनिधींची घरे पेटली. १७ नोव्हेंबरला अंबडच्या ओबीसी मेळाव्यातून तितक्याच तापलेल्या भाषेत उत्तर आले. मराठा समाजाची आरक्षणाची मागणी आणि आपला वाटा घटेल ही ओबीसींची धास्ती, दोन्हींच्या मुळाशी खरे दुःख आहे. ते मांडण्याचा दोघांनाही हक्क आहे. पण त्या दुःखाचे गावागावांत काय करून ठेवले, ते डोळे उघडून पाहा. ज्या वस्तऱ्याखाली आजोबांनी आणि बापाने निर्धास्त मान दिली, त्या दुकानाची पायरी नातू आता चढत नाही. केस कापायला तो तालुक्याच्या गावी जातो. कृषी सेवा केंद्रावरचे मालकाचे आडनाव वाचून मगच खताची गोणी उचलली जाते. सावडीने एकमेकांच्या शेतात राबलेली माणसे पारावर समोरासमोर आली की मोबाइलमध्ये तोंड खुपसतात. हा कोणत्या न्यायाचा विजय? हा तर शेजाराचा खून आहे!

या खुनात लाभ कुणाचा? २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात माल त्याखाली विकला जात होता. व्यापाऱ्याच्या काट्याने कुणाची जात विचारली होती? कोरड्या विहिरीने, थकलेल्या कर्जाने, बिनपगारी बसलेल्या पदवीधर पोराने विचारली होती? दोन्ही बाजूंचा शेतकरी एकाच खड्ड्यात पडलेला असताना खड्डा कुणी खणला हे त्याने विचारू नये, म्हणून त्याला शेजाऱ्याची कॉलर धरायला शिकवले जाते. तंटा मिटला तर प्रश्न विचारले जातील, ही पुढाऱ्याची खरी भीती. आणि या पुढाऱ्यांचा स्वतःचा वकूब तो किती? जुलै २०२५ मध्ये दोन आमदारांच्या समर्थकांची हाणामारी चक्क विधानभवनाच्या लॉबीत झाली. ज्या वास्तूत शब्दाने निवाडे व्हायचे तिथेच हात उचलले जात असतील, तर गावच्या पोरांना संयम कोणत्या तोंडाने शिकवणार?

कुणी म्हणेल, राजकारणात भांडणे व्हायचीच. जरूर व्हावीत! भांडणांचा महाराष्ट्राला विटाळ नाही. १९०७ च्या सुरत काँग्रेसमध्ये जहाल आणि मवाळ असे भांडले की जोडे उडाले, खुर्च्या उडाल्या आणि काँग्रेस दुभंगली. टिळक आणि गोखले यांचे मतभेद उभ्या देशाला ठाऊक होते. पण फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले गेले, तेव्हा टिळक सिंहगडावरून उतरून स्मशानात आले आणि प्रतिपक्ष्याचा मोठेपणा त्यांनी भर लोकांत सांगितला. पुढे काँग्रेसने आपल्या नियमांत बदल केला आणि १९१६ साली लखनौला दोन्ही पक्ष पुन्हा एका मांडवात बसले. कुणीही आपले मत गिळले नव्हते. परतीची वाट तेवढी कुणीतरी मुद्दाम बांधली होती. आजचे आमचे पुढारी सकाळी वाट उखडतात आणि संध्याकाळी वाहिनीवर बसून 'वातावरण बिघडले' म्हणून गळा काढतात.

मात्र सलोख्याच्या नावाखाली अन्याय पचवा, असे आम्ही सांगणार नाही. दलितावर अत्याचार झाला, बाईच्या अंगावर हात पडला, तर तिथे पारावरची तडजोड नको; तिथे गुन्हा, अटक आणि शिक्षा हाच मार्ग. गावकी आणि भावकीने 'मिटवामिटवी' करून किती गुन्हे पोटात घातले, हे आम्ही विसरलेलो नाही. जातपंचायतींची दांडगाई मोडण्यासाठीच २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा या राज्याला करावा लागला. म्हणून मध्यस्थ म्हणजे मिशीला पीळ देणारे जुने पाटील-देशमुख नव्हेत.

मग काय हवे? तंटामुक्ती समित्या पुन्हा उभ्या करा. त्यांत गावातल्या प्रत्येक समाजाचा माणूस आणि पुरेशा बायका घ्या. त्यांना मध्यस्थीचे रीतसर प्रशिक्षण द्या. पक्षाचा पदाधिकारी त्यांच्या आसपासही फिरकू देऊ नका. संसदेने २०२३ मध्ये मध्यस्थी कायदा केला. वस्तीतली शांतता बिघडवू शकणारा वाद दोन्ही बाजूंच्या संमतीने तीन मध्यस्थांपुढे मिटवण्याची सोय त्यात लिहिली आहे. ती तालुक्यातालुक्यात पोहोचवा. आरक्षणासारख्या मोठ्या प्रश्नावर तर सरकारने दोन्ही समाजांच्या प्रतिनिधींना एकाच खोलीत, एकाच टेबलाशी बसवावे आणि जातीनिहाय आकडे दोघांपुढे एकाच वेळी ठेवावेत. सकाळी एका शिष्टमंडळाला आश्वासन आणि दुपारी दुसऱ्याला त्याच्या उलट आश्वासन, हा दुतोंडी धंदा बंद करा!

आणि मतदारांनो, तुम्हीही हात झटकू नका. तो फ्लेक्स तुमच्याच पोरांनी तुमच्याच पाटीवर ठोकला आहे. उद्या सकाळी वेशीवर जा, तो आधी फाडून टाका. मग ज्याच्या दुकानाची पायरी तुम्ही चढेनासे झालात, त्याच्याकडे जाऊन चहा मागा. आणि पुढच्या खेपेला मते मागायला येणाऱ्याला एवढेच सांगा: समोरच्या आळीतल्या माणसाला सोबत घेऊन ये, नाहीतर वेशीवरूनच माघारी फिर!