‘फ्राय’च्या कढईत आपली क्रियापदे

भाषेवरील आक्रमण सरकारी परिपत्रकातूनच येते, अशा समजुतीने आपण सीमाभागातील मराठी माणसे एका बाबतीत गाफील राहिलो. फलकांवरील अक्षरांसाठी, शाळांसाठी, कचेरीतील कागदासाठी आपण १९५६ पासून झगडत आहोत. आणि इकडे स्वयंपाकघराच्या मागील दाराने एक आंग्ल क्रियापद आत शिरून चूल अडवून बसले आहे. त्याचे नाव ‘फ्राय’.

प्रथम त्याचे कूळ पाहू. लॅटिनमधील ‘फ्रिगेरे’पासून जुन्या फ्रेंचमार्गे हा शब्द तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला. मूळ लॅटिन शब्दातच भाजणे आणि तळणे या दोन्ही क्रिया कोंबलेल्या होत्या. इंग्रजीतही ही संदिग्धता पुरती सुटली नाही. कढईभर तेलात बुडवले तरी ‘फ्राय’, तव्यावर चमचाभर तेलात परतले तरी ‘फ्राय’! भेद दाखवायचा तर ‘डीप’, ‘शॅलो’, ‘पॅन’ असे टेकू लावावे लागतात. मोठ्या आचेवर भराभर परतण्याच्या चिनी रीतीला तर इंग्रजीत नेमका शब्दच नव्हता. १९४५ साली ब्युवेई यांग चाओ यांच्या पाकशास्त्रावरील पुस्तकातून ‘स्टर-फ्राय’ हा जोडशब्द पुढे आला.

आता आपले वैभव पाहा. पुरी तळतात, भाजी परततात, शेंगदाणे भाजतात, वरणाला फोडणी देतात. प्रत्येक शब्दात तेलाचे प्रमाण, आच आणि हाताची हालचाल सामावलेली आहे. पापड तळला की भाजला, हे एका क्रियापदाने कळते. पथ्य सांभाळणाऱ्याला हा भेद जिव्हाळ्याचा असतो. ‘पापड फ्राय’ म्हणणाऱ्याला मात्र पुन्हा विचारावे लागते.

खानावळीतील ‘दाल फ्राय’ घ्या. डाळ शिजवलेली असते, तळलेली नसते. वरून फोडणी घातलेली असते. म्हणजे ते फोडणीचे वरण! ‘भेंडी फ्राय’ मागवली तर ताटात परतलेली येईल की तळलेली, हे दैवाधीन. गोव्याच्या किनाऱ्यावर ‘रवा फ्राय’ हे नाव लाभलेली मासळी रवा लावून तव्यावर तळलेलीच असते. नवे नाव आले, नवा पदार्थ कोठे आला?

कोणी म्हणेल, भाषा उसनवारीनेच वाढते. मग हा सोवळेपणा कशासाठी? आक्षेप रास्त आहे, म्हणून उत्तरही स्पष्ट देतो. ‘बटाटा’ आणि ‘पाव’ पोर्तुगिजांकडून आले, ‘तवा’ फारसीतून आला. त्यांना आपण घरचे केले, कारण त्यांनी आपल्या शब्दांची भर केली, गळचेपी केली नाही. ‘फ्राय’ येतो तो तीन-चार शब्दांना बाहेर काढून. उसनवारीला माझा विरोध नाही, बेदखलीला आहे.

आणि यात शेजाऱ्याला दोष देण्याचेही कारण नाही. कन्नडमध्ये ‘करि’ म्हणजे तळणे, ‘हुरि’ म्हणजे भाजणे-परतणे आणि फोडणीला ‘ओग्गरणे’. गुजरातीत ‘तळवुं’, ‘शेकवुं’ आणि ‘वघार’ वेगळे आहेत. हैदराबादच्या ‘बगारे बैंगन’च्या नावातच फोडणी आहे. ‘फ्राय’ या सर्वांचाच घास घेतो. बेळगावच्या एकाच बाजारपेठेत मराठी आणि कन्नड हे दोन्ही शब्द एकाच वेळी मरत असतील, तर फलकावर कोणाचे अक्षर वर, हा वाद जिंकून आपण काय मिळवणार?

शाळा नाकारली गेली तर न्यायालयात जाता येते. घरातून गेलेल्या शब्दासाठी दाद मागण्याची जागा नाही. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी घरांनी भाषा राखली, ती माजघरात आणि चुलीपाशीही. तेव्हा खानावळ चालवणाऱ्या मराठी बांधवांनी आपल्या पदार्थांच्या यादीत ‘फोडणीचे वरण’ आणि ‘परतलेली भेंडी’ लिहावे, आणि आईबापांनी मुलांशी बोलताना तळणे, परतणे, भाजणे यांतील भेद राखावा. यासाठी मोर्चा लागत नाही, निवेदन लागत नाही. एवढेही आपल्याने होणार नसेल, तर मराठीचा कैवार कोणत्या तोंडाने घ्यायचा?